आचल नैतामचा पल्लांक

आचल नैताम मुलाखतीला आली तेव्हा खुर्चीवर बसली नाही. "उभी राहून मला नीट सांगता येते, मॅडम," असं म्हणत तिनं भिंतीकडं पाहिलं आणि खडू मागितला. त्या खोलीत खडू कुणी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. भिंतभर पडदा होता, पण तो कसा वापरायचा हे तिला ठाऊक नव्हतं आणि तसं सांगायचा तिला संकोचही वाटला नाही. शेवटी डॉ. रजनी बोरकुटे यांनी आपल्या पिशवीतला एक कोरा कागद तिच्यापुढं सरकवला. त्या कागदावर तिनं मण्यारीचं विष माणसाच्या मज्जातंतूशी काय करतं ते असं काढून दाखवलं, की एरवी मुलाखतीत चहाकडंच लक्ष असणारे संचालक डॉ. दाणीही खुर्ची पुढं ओढून बघू लागले.

रजनीबाईंनी तिथंच ठरवलं, ही पोरगी आपल्याकडं हवी.

नागपूरच्या त्या संस्थेचं काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट रोग्याच्या खाटेपर्यंत नेऊन पोचवायची. पण सापडणं आणि पोचणं यांच्यामध्ये दहा-पंधरा वर्षांचं रान असतं. प्राण्यांवरच्या चाचण्या, माणसांवरच्या चाचण्या, परवानग्या, कारखाने, डॉक्टरांच्या सवयी. शेकड्यांनी औषधं त्या रानात शिरतात आणि एखाददुसरंच पलीकडं निघतं. तरुण संशोधकांना या रानातून चालायला शिकवणं हे रजनीबाईंचं काम, आणि ते त्या वीस वर्षं करत आल्या होत्या. नवा विद्यार्थी आला की पहिले तीन महिने त्या त्याला परीक्षानळीला हात लावू देत नसत. मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात रोग्याच्या उशाशी नेऊन बसवत. कोण टिकेल आणि कोण पळेल हे त्यांना तिथं कळत असे. "तुमच्या डोळ्यांत काय यंत्र बसवलंय का?" असं दाणी पूर्वी त्यांना गमतीनं विचारायचे.

आचल वॉर्डात पहिल्याच दिवशी रमली. वैनगंगेपलीकडच्या जंगलपट्टीतलं कोसमटोला हे तिचं गाव. आश्रमशाळेत शिकलेली, बाप रोपवाटिकेत कामाला, आई नाही. मण्यारच का, असं रजनीबाईंनी विचारलं तेव्हा तिनं साधं उत्तर दिलं. "आम्ही जमिनीवर झोपत होतो. माझ्या बाजूच्या सतरंजीवर सुनंदा होती. सकाळी ती उठलीच नाही." त्यानंतर तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

मण्यार चावते तेव्हा दुखत नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. मग पोटात कळ येते, पापण्या जड होतात, घोट गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो. मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत नेणारं रसायन मज्जातंतूच्या टोकाशी साठवलेलं असतं. विष त्या टोकात शिरतं आणि ते आतून पोखरून टाकतं. एकदा ते आत शिरलं की दवाखान्यातल्या प्रतिविषाचा त्याच्यापर्यंत हात पोचत नाही. मग टोक पुन्हा उगवेपर्यंत रोग्याला यंत्रानं श्वास देत राहायचं, आणि ते यंत्र कोसमटोल्यापासून फार लांब असतं.

आचलचं उत्तर असं होतं. उंटाच्या रक्तात फार लहान आकाराची प्रतिपिंडं असतात. त्यांच्या नमुन्यावरून तिनं एक प्रथिन बेतलं. ते इतकं चिमुकलं, की मांडीत टोचलं तर झपाट्यानं रक्तात उतरावं आणि विष मज्जातंतूत शिरायच्या आत त्याला धरून ठेवावं. शिवाय ते उन्हाळ्यातही फ्रिजशिवाय टिकायला हवं, हा तिचा हट्ट. गावातल्या आशाताईनं संशय आला की टोचावं आणि मग गाडी बोलवावी. बाकी सगळं दवाखाना बघेल.

चार वर्षं गेली. एका सकाळी काचेच्या पट्टीवर मज्जातंतूसकट वाढवलेला मानवी स्नायूचा तुकडा विष घातल्यावरही फडफडत राहिला. शेजारच्या पट्टीवर औषधाविना ठेवलेला तुकडा केव्हाच निपचित पडला होता. आचलनं कुणाला हाक मारली नाही. तिनं सगळं धुऊन पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या आठवड्याच्या शेवटी ती रजनीबाईंच्या दारात उभी राहिली. "मॅडम, आता तुम्ही हे खोटं पाडून दाखवा," ती म्हणाली. रजनीबाईंनी दोन आठवडे प्रयत्न केला. त्यांना ते खोटं पाडता आलं नाही.

औषध आता माणसांवरच्या चाचण्यांकडं न्यायचं होतं, आणि त्यासाठी ते आधी 'पल्ला'तून जायला हवं होतं.

पल्ला ही प्रणाली येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. जगभरात गेल्या पन्नास वर्षांत जी-जी औषधं प्रयोगशाळेतून निघाली, ती कुठं अडली, कशानं मेली, कोणती पोचली, हे सगळं तिला शिकवलेलं होतं. नवं औषध दिलं की ती ते हजारो आभासी शरीरांत सोडून बघे, कारखान्यात बनवून बघे, परवानगीच्या टेबलांवरून फिरवून बघे, आणि शेवटी एक आकडा देई. त्याला सगळे पल्लांक म्हणत. औषध रोग्यापर्यंत पोचण्याची शक्यता, शंभरात किती. सुरुवातीला लोक हसले. मग तिचे अंदाज बरोबर येत गेले आणि हसणं थांबलं. आता चाळीसच्या खालचं काम देशातली कुठलीच संस्था पुढं नेत नव्हती.

दाणींनी रजनीबाईंना आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"अकरा," ते म्हणाले.

"शंभरात?"

"शंभरात."

"औषधात काही खोट आहे का?"

"औषध उत्तम आहे. नुसत्या औषधाला त्र्याण्णव दिलेत. इतके मी कुणाला दिलेले पाहिले नाहीत." दाणींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अडलंय ते वाहकावर."

हा शब्द रजनीबाईंनी ऐकला होता, पण त्यांच्या कुठल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तो कधी निघाला नव्हता. पल्ला बनवणाऱ्यांना फार लवकर एक गोष्ट दिसली होती. पुष्कळशी औषधं त्यांच्यातल्या दोषानं मेलेली नसतात. त्यांना घेऊन चाललेला माणूस मध्येच थांबलेला असतो. त्याची बदली होते, तो थकतो, नोकरी धरतो, भांडतो, घरी निघून जातो. म्हणून मग त्यांनी माणसालाही हिशेबात धरलं.

"तिची जात घातलीय का त्यात?" रजनीबाईंनी विचारलं.

"जात नाही, नाव नाही, बाई की पुरुष तेही नाही. मुद्दाम काढून टाकलंय. पण शाळा कुठली, घरी अवलंबून कोण, वर्षात किती वेळा गावी जाते, इंग्रजीत एक पान लिहायला किती वेळ घेते, कठीण प्रसंगी फोन करावा असे किती मोठे लोक ओळखीचे आहेत, हे आहे. अशा हजारो मुलामुलींचं पुढं काय झालं ते त्याला माहीत आहे."

"काय झालं?"

"बहुतेक सोडून गेली."

"का गेली तेही माहीत आहे?"

"का-शी त्याला काय देणंघेणं?" दाणी म्हणाले. त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. त्यांनी पडद्यावर एक नाव बदललं. पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेतला संशोधक, ईशान गोगटे. औषध तेच, काम तेच. आकडा अडुसष्टवर गेला.

"मी स्वतः वाहक झाले तर?"

"पाहिलं मी. तुमची निवृत्ती चार वर्षांवर आलीय. सव्वीस. तुम्ही दोघी मिळून घातलं तर एकोणीस. दोन वाहक असले की ओढाताण होते, हेही त्यानं पाहिलेलं आहे."

वाहकाचा आकडा त्या वाहकाला सांगायचा नाही असा नियम होता. सांगितला तर माणूस खचतो. रजनीबाईंनी तो नियम पाळला आणि सहा महिन्यांची मुदत मागून घेतली.

त्या सहा महिन्यांत त्यांनी आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं असं शिकवलं. आचलचं वॉर्डात जाणं बंद झालं. तिला त्यांनी इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला घातलं. दिल्लीच्या एका परिषदेला पाठवलं, आणि तिथं कुणाकुणाशी बोलायचं ते आधी घोकून घेतलं. होळीला गावी जाऊ नकोस म्हणाल्या, काम आहे असं खोटंच सांगितलं. दर महिन्याला त्या एकट्या बसून आकडा पुन्हा काढत. अकराचे चौदा झाले. चौदाचे एकोणीस. एकदा तेवीस झाले तेव्हा त्यांनी घरी जाताना स्वतःसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला.

आचलला काहीतरी बदललंय हे कळत होतं. "मॅडम, तुम्ही पहिले माझं काम बघत होत्या," ती एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाली. "आता माझ्याकडं बघता."

"तुझ्या भल्यासाठीच."

"ते खरं आहे जी. पण मला शाळेतल्या तपासणीसारखं वाटते. साहेब येणार म्हणून आम्हाला रांगेत उभं करत, नखं बघत."

रजनीबाईंनी डबा बंद केला.

पावसाळ्यात आचलचा बाप पडला. अर्धं अंग गेलं. आचल गावी गेली आणि परत यायची तारीख दोनदा पुढं ढकलली. त्या महिन्यात रजनीबाईंनी आकडा काढला तो नऊ आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कोसमटोल्याच्या आश्रमशाळेत दोन मुलींना मण्यार चावली. आचलचा फोन आला, पण ती रडत नव्हती. "एक गेली. दुसरी यंत्रावर आहे. तुम्ही येता का?" एवढंच म्हणाली. रजनीबाई लगेच निघाल्या.

शाळेच्या अधीक्षिका कुसराम बाई त्यांना मुलींच्या खोलीत घेऊन गेल्या. खाटा मंजूर झाल्या होत्या, आल्या नव्हत्या. जमिनीवर सतरंज्या ओळीनं गुंडाळून ठेवल्या होत्या आणि एका सतरंजीजवळ कुणीतरी झेंडूचं फूल ठेवलं होतं. मुली व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"आचल म्हणत होती, तुमच्याकडं औषध तयार आहे," कुसराम बाई म्हणाल्या. "मग कधी येते जी ते?"

रजनीबाईंनी आचलकडं पाहिलं. आचल जमिनीकडं बघत होती.

"लवकरच," रजनीबाई म्हणाल्या, आणि तो शब्द तोंडातून निघाला त्याच क्षणी त्यांचा निर्णय झाला.

परतीच्या वाटेवर आचलही त्यांच्याबरोबर नागपूरला निघाली. बापाजवळ मावशी थांबली होती. गाडी आपली आपण चालत होती. समोरासमोरच्या दोन आसनांवर त्या दोघी, आणि ऐकायला तिसरं कुणी नाही. वैनगंगेचा पूल लागला तेव्हा रजनीबाईंनी नियम मोडला. अकरा, तेवीस, नऊ, पुण्याचे अडुसष्ट, सगळं सांगून टाकलं.

आचलनं ऐकून घेतलं.

"म्हणजे औषध बरोबर आहे. मी चूक आहे."

"तसं नाही ते."

"मग कसं आहे, मॅडम?"

"पुण्याला दिलं तर ते पोचेल. आपल्याकडं ठेवलं तर बहुधा पोचणार नाही. दर पावसाळ्यात अशा किती मुली..." रजनीबाई पुढं झुकल्या. "माझ्यापुढं दोन गोष्टी आहेत. तू आणि त्या मुली."

"मी त्यांच्यातलीच आहे."

"माहीत आहे मला."

गाडी पुलावरून उतरली. दोन्ही बाजूंना धानाची हिरवी शेतं लागली.

"यंत्राचं मी ऐकलं," आचल म्हणाली. "तुमचा आकडा किती? तुम्ही मला पाच वर्षांपासून बघता. मी सोडून जाणार की नाही जाणार?"

वीस वर्षांत हा प्रश्न रजनीबाईंना पुष्कळांनी विचारला होता आणि त्यांनी कधी दोन क्षणही घेतले नव्हते. आता त्यांनी समोरच्या मुलीकडं पाहिलं. तिच्या ओठांची कोरडी कड, मांडीवर घट्ट धरलेले हात, हे सगळं त्यांना दिसत होतं. पण त्यातून काही कळत नव्हतं. सहा महिने त्यांनी हिच्याकडं पाहिलं होतं ते आकडा वाढतोय की कमी होतोय एवढ्यासाठी. आता आतून काही विचारायला गेलं की उत्तर म्हणून आकडाच वर येत होता.

"मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

आचलनं मान डोलावली. ती रागावली असती तर रजनीबाईंना बरं वाटलं असतं.

"देऊन टाका," ती म्हणाली. "पण ते मांडीत टोचायचंच राहिलं पाहिजे. आशाताईच्या पिशवीत राहिलं पाहिजे. एवढं त्यांच्याकडून वदवून घ्या."

"घेते."

"आणि मला त्यांच्याकडं समजावून द्यायला पाठवू नका. मी लिहून देते सगळं."

ईशान गोगटे भला माणूस निघाला. आचलचं नाव पहिलं राहील असं त्यानं आपण होऊन सांगितलं आणि मांडीत टोचण्याची अटही मान्य केली. ती अट तो मनापासून मान्य करत होता याबद्दल रजनीबाईंना शंका नव्हती. आचलनं महिनाभर बसून सगळं नीट लिहून दिलं, नमुने पेटीत भरून पुण्याला रवाना केले आणि आपलं टेबल पुसून काढलं. त्यानंतर ती दुसऱ्या विषयावर काम करू लागली. केलेलं काम चांगलं असे. पण ती आता काही पुन्हा पुन्हा करून बघत नव्हती. दिवाळीनंतर तिनं राजीनामा दिला आणि बुटीबोरीच्या एका खाद्यतेलाच्या कारखान्यात तपासनिसाची नोकरी धरली. बापाला ती तिकडं घेऊन आली.

"थांब म्हणू का?" रजनीबाईंनी विचारलं.

"तुम्हाला वाटते का थांबावं?"

रजनीबाईंना वाटत होतं. पण कशाच्या जोरावर म्हणावं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तिच्या हातावर नुसता हात ठेवला. आचल थोडी वाकली, पायाला हात लावते तशी, मग तिनं ते अर्ध्यावर सोडलं आणि गेली.

पल्लानं तिची नोंद घेतली. वाहक थांबला. पल्लाचा अंदाज आणखी एकदा बरोबर आला होता.

पुण्यात काम वेगानं चाललं. दर टप्प्यावर ईशानची माणसं पल्लाला विचारत आणि आकडा वाढेल तशी पावलं टाकत. पहिल्या वर्षी पल्लानं दाखवलं की गावात चाचणी घेणं फार अवघड आहे, कारण चावलेली माणसं वेळेत सापडत नाहीत. मोठ्या दवाखान्यांत, यंत्रावर ठेवलेल्या रोग्यांवर घेतली तर आकडा सत्याहत्तर. पुढच्या वर्षी दिसलं की मांडीत टोचण्याऐवजी शिरेतून थेंबाथेंबानं दिलं तर मोजमाप स्वच्छ मिळतं आणि परवानगी लवकर मिळते. चौऱ्याऐंशी. मग फ्रिजशिवाय टिकण्याचा आग्रह सोडला, कारण मोठ्या दवाखान्यांत फ्रिज असतातच.

रजनीबाईंनी ईशानला गाठलं. पडद्यावर त्याचा चेहरा खरोखरच ओढलेला दिसत होता.

"अट होती आपली," त्या म्हणाल्या.

"होती, मॅडम. पहिल्या अडुसष्टमध्ये गावातल्या चाचणीची अडचण धरलेली नव्हती. ती धरून मी अटीसकट पुन्हा चालवून पाहिलं. बत्तीस. संस्थेनं दुसऱ्याच दिवशी बंद केलं असतं. मग काहीच पोचलं नसतं. तुम्हीच म्हणाला होतात ना, पोचणं महत्त्वाचं."

"कुणापर्यंत पोचणं, ईशान?"

"रोग्यापर्यंत," तो म्हणाला. त्याला दुसरं उत्तर ठाऊक नव्हतं, आणि पल्लालाही 'रोगी' हा एकच शब्द शिकवलेला होता. तो कोसमटोल्यातला की पुण्यातला, हा फरक त्यात नव्हता.

औषधाला परवानगी मिळाली. एवढ्या कमी काळात मिळाली की वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक केलं. मुंबईत समारंभ झाला, रजनीबाईंना शाल दिली. ईशान भाषणात आचल नैतामचं नाव आदरानं घेऊन बोलला. नागपूर, पुणे, मुंबई, नाशिक अशा ठिकाणच्या अतिदक्षता विभागांत औषध आलं. रक्तात उरलेलं विष ते धरत असल्यानं यंत्रावर असलेले रोगी थोडे लवकर यंत्रावरून उतरू लागले. औषध खोटं नव्हतं. काही माणसं खरोखर त्यानं वाचली, आणि ते आठवलं की रजनीबाईंना स्वतःला दोष देणंही धड जमत नसे.

समारंभानंतर त्यांनी आचलला फोन केला.

"पाहिलं मी बातमीत," आचल म्हणाली. मागून कुठल्यातरी यंत्राची घरघर ऐकू येत होती. "अभिनंदन मॅडम."

"तुझं आहे ते."

"कोसमटोल्यात आलं का?"

"नाही. त्याला अतिदक्षता विभाग लागतो. शिरेतून देतात."

तिकडं आचल यंत्रापासून जरा लांब गेली. घरघर कमी झाली.

"यंदा तिकडं तिघी गेल्या," ती म्हणाली. "कुसराम बाईंचा फोन होता. त्या विचारत होत्या. मी काय सांगू त्यांना?"

"माझा नंबर दे. मी सांगते."

"नको. मीच सांगते. तुमच्यावर त्यांचा भरवसा आहे. राहू द्या तसाच." मग तिच्या कामाच्या पाळीची वेळ झाली आणि तिनं फोन ठेवला.

रजनीबाईंच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं तेव्हा संस्थेनं मुलाखतीची पद्धत बदलली. आता उमेदवाराला बोलवायच्या आधीच त्याचा वाहक-आकडा काढत. उगाच मुलांनी पाच-सहा वर्षं घालवून मग सोडून का जावं, हा त्यामागचा विचार. तो काही अगदीच क्रूर होता असंही म्हणता येत नव्हतं. तीसच्या खालच्यांना नकाराचा निरोप जाई.

त्या दिवशी रजनीबाई मुलाखतींना आल्या तेव्हा बाहेरच्या बाकावर एक मुलगी बसलेली होती. पायात साध्या चपला, मांडीवर कापडी पिशवी. यादीत तिचं नाव नव्हतं.

"तुला निरोप मिळाला नाही का?"

"मी काल दुपारीच निघाले होते मॅडम. आमच्याकडं रेंज नसते. इथं उतरल्यावर निरोप आला." ती उठून उभी राहिली. "मग म्हटलं, आलोच आहोत तर विचारून जावं. कुठं कमी पडले?"

तिचं नाव करुणा कोवे. तिला सिकलसेलच्या रोग्यांना वेदनेचा झटका यायच्या आधी कळावं असं काही बनवायचं होतं. रजनीबाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "सांग मला." करुणा भराभर सांगू लागली. मध्येच अडली, मागं गेली, आपलीच चूक आपण सुधारली. नखाच्या मुळाशी दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांत झटक्याच्या आधी काहीतरी बदलतं असं तिला वाटत होतं. आपल्या धाकट्या भावाच्या बोटांचे तिनं साध्या फोननं वर्षभर फोटो काढले होते. कल्पना कच्ची होती. पण तिच्यात जीव होता.

रजनीबाईंनी आत जाऊन तिचा आकडा पाहिला. आठ. खाली पल्लानं कारण दिलं होतं. याच प्रकारच्या वाहकांपैकी थांबलेल्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. त्या वाढलेल्या संख्येत आचल होती. आणि दर वर्षी दारातूनच परत पाठवलेल्यांनाही पल्ला 'थांबलेले' असंच मोजत होता.

त्या दाणींकडं गेल्या. दाणींनी ऐकून घेतलं.

"मी हिला घेतली तर संस्थेचा सरासरी पल्लांक खाली जातो, रजनीताई. मग जी आत आहेत त्यांचीही कामं अडतात. एकीसाठी बाराजणांचं वाटोळं करू का? सांगा, मी करतो."

रजनीबाईंनी हा हिशेब ओळखला. त्या गाडीत त्यांनीही असाच केला होता. त्या बाहेर आल्या.

करुणा अजून उभीच होती.

"तू कुठं कमी पडली नाहीस," त्या म्हणाल्या.

"मग?"

"इथं जागा नाही."

करुणानं जरा विचार केला. "मग पुढच्या वर्षी परत अर्ज करू का? तोवर भावाचे फोटो चालू ठेवते."

पुढच्या वर्षी तिचा आकडा आणखी खाली असणार होता, आणि त्याला कारण आजचा नकारच असणार होता. रजनीबाईही तेव्हा इथं नसणार होत्या. हे तिला सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण ती पिशवी खांद्याला लावून, उत्तराची वाट बघत समोर उभी होती.

"कर," त्या म्हणाल्या.

करुणा नमस्कार करून जिन्याकडं वळली. तिची परतीची गाडी दुपारी होती. रजनीबाई क्षणभर दारात थांबल्या, मग आत जाऊन आपल्या जागेवर बसल्या आणि त्यांनी यादीतला पहिला उमेदवार बोलावला. तो मुलगा हुशार होता, नम्र होता. त्याचा आकडा एक्क्याहत्तर होता. त्यानं सगळी उत्तरं बरोबर दिली. समितीतल्या इतरांचं विचारून झालं तेव्हा दाणींनी रजनीबाईंकडं पाहिलं.

"मला काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या.